गॅलरीतलं नाक

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याच नाकाच्या जिवावर या घरानं वर्षानुवर्षं ताजी मासळी खाल्ली, हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही. म्हणून मीच लिहून ठेवते. त्यात माझी एक मोठी फजिती आहे, तीही लिहिते, कारण ती गाळली तर बाकीचं कळणार नाही.

माझं माहेर ठाकुर्लीच्या खाडीकडचं. आम्ही आगरी. आमच्या शेतांवर आता बिल्डिंगा उभ्या आहेत आणि दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर राहतो. मी लहान असताना मात्र घरामागून उतरलं की बांध आणि बांधापलीकडे खाडी. बाबा ओहोटीला पाग घेऊन जायचे. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. परत आले की टोपली आईच्या हातात द्यायच्या आधी त्यातली एखादी बोई, खाडीतला चंदेरी मासा, उचलायचे आणि माझ्या नाकाशी आणायचे. "आधी हुंग, मंग बग," म्हणायचे. दादालाही तेच करायला लावायचे, पण तो डोळे मिटून "ताजी, ताजी" म्हणायचा आणि खेळायला पळायचा. मी खरोखर हुंगायचे. अगदी ताज्या बोईला चिरलेल्या काकडीसारखा वास असतो. हे मी सासरी कुणाला सांगायला गेले नाही, कारण लोक हसले असते.

खाडीच्या मासळीची एक खोड असते. एखाद्या ठिकाणची बोई दिसायला अगदी तोऱ्यात असते, डोळे चकचकीत, कल्ले लालभडक, पोट घट्ट. पण तव्यात पडली की घासलेटचा वास येतो. नाल्याच्या तोंडाशी, जिथे काय काय सोडलेलं असतं, तिथे ती चरलेली असते. आणि पंचाईत अशी की ती ताजीच असते. डोळ्याला कळत नाही, बोटाला कळत नाही. ते फक्त नाकाला कळतं.

लग्न होऊन मी वर्तकनगरला आले. सासर मूळचं साताऱ्याकडचं. मटण म्हटलं की सगळं घर गोळा व्हायचं, पण मासे त्यांच्या लेखी अन्नात जमा नव्हते. आमच्या ह्यांना मी दोन महिन्यांत वळवलं. सासूबाई वळल्या नाहीत. पहिल्या बुधवारी मी मांदेली तळायला घेतली तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आल्या, पदर नाकाला लावला, म्हणाल्या, "वास मारतोय गं," आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. तो त्यांचा नेमच झाला. बांगडा झाला, वास मारतोय. सुरमई झाली, वास मारतोय. कोलंबीचा भात केला तेव्हा मला वाटलं आता तरी विरघळतील, तर गॅलरीचं दार त्यांनी आतून नव्हे, बाहेरून ओढून घेतलं. एकदा मी नुसती मुगाची खिचडी टाकली होती, तरी त्या पदर लावून गॅलरीत जाऊन बसल्या. का, तर बुधवार होता.

एक सांगायला हवं. त्यांनी मला मासे करू नकोस असं कधीही म्हटलं नाही, की माझी कढई वेगळी ठेवायला लावली नाही. पण त्या माझ्या माहेरच्या अन्नाला नाक मुरडतात, ही गोष्ट मी मनात धरून होते. तीस वर्षं धरली म्हणजे चांगलीच धरली.

मग तो साथीचा ताप घरात येऊन गेला. सगळे बरे झाले, मीही झाले. माझं नाक तेवढं परत आलं नाही. उदबत्तीचा वास नाही, फोडणीचा नाही, नव्या कोऱ्या साडीचा नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मी वाट बघितली. महिने गेले, नाक काही आलं नाही.

मी कुणाला बोलले नाही. ह्यांना नाही, मुलाला नाही. या घरात शिकलेली माणसं आहेत, हिशेबी माणसं आहेत, माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलणारी आहेत. मासळी निवडणं ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यात मला कुणी शिकवायला येत नव्हतं. बाजारात मी टोपलीवर वाकले की शेजारच्या बायका थांबायच्या, मी काय उचलते ते बघायच्या. तो मान मला सोडायचा नव्हता. मी ठरवलं, नाक नाही तर नाही, डोळे आहेत, बोटं आहेत.

आणि जमलंही. कल्ला उचलून बघायचा, नुसता लाल नको, ओला लाल हवा. पोटावर बोट दाबायचं, खड्डा राहिला की ठेवून द्यायचं. डोक्याकडून आडवी धरायची, शेपटी खाली लोंबली की नको. मी टोपलीवर वाकायचे, हुंगल्याचं नाटक करायचे आणि बोटांनी निवडायचे. समुद्राची मासळी त्यात पास झाली. दोन वर्षं कुणाला वास लागू दिला नाही, असं मला वाटत होतं.

आमच्यात भाऊबीजेला गोडाचं कौतुक नसतं. चार दिवस फराळ खाऊन तोंड आळणी झालेलं असतं, आणि भाऊ येतो तो बहिणीच्या हातचं म्हावरं खायला. म्हावरं म्हणजे मासळी. दादानं माझ्या लग्नानंतर एकही भाऊबीज चुकवलेली नाही आणि त्याची मागणीही कधी बदलली नाही. खाडीची बोई, थोडी तळून, थोडी कालवणात, सोबत तांदळाची भाकरी. समुद्राचं काहीही वाढलं तर म्हणतो, हे काय, हे तर हॉटेलातपन मिलतं.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या सकाळी मी माहेरच्या बाजूला गेले. खाडीकाठच्या बायका तिथे पाट्या घेऊन बसतात, बर्फ नाही, काही नाही, सकाळी जाळ्यात आलेलं तेवढंच. बोया बघून माझा मलाच हेवा वाटला. हातभर लांब, चांदीसारख्या, कल्ले असे लाल की बघत राहावं. मी वाकले, नाटक केलं आणि चार उचलल्या.

दुपारी तुकड्या तव्यात पडल्या तोच गॅलरीतून हाक आली. "आज इस्टो काढलास का गं?"

"कुठला स्टो, आई?"

"घासलेटचा वास मारतोया."

माझं डोकं सणकलं. मी उलथणं हातात घेऊनच दारापर्यंत गेले. म्हटलं, "आई, घासलेट या घरात वीस वर्षांत आलेलं नाही. तो मासा आहे. तुम्हाला तो कधी आवडलाय, म्हणून आज आवडेल?"

त्यांनी पदर नीट केला आणि रस्त्याकडे बघत बसल्या.

दादाला ओवाळलं, पान वाढलं. त्यानं पहिली तुकडी मोडून तोंडात घातली आणि चावता चावता थांबला. मग पाणी प्यायला. मग ती तुकडी त्यानं सगळी संपवली, काट्यासकट चाटूनपुसून, आणि पुढे भाकरी मीठ-कांद्याबरोबर खायला लागला. माझा दादा, जो सहा तुकड्यांशिवाय हात धूत नाही. मी विचारलं, "कालवण वाढू?" तर म्हणाला, "नको गो, पोट भरलं." ह्यांनी मान खाली घातली होती. मुलाला मात्र राहवलं नाही. त्यानं घास ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि म्हणाला, "आई, याला पेट्रोल पंपाचा वास येतोय."

मी एक तुकडी उचलली आणि तोंडात घातली. मीठ कळलं, तिखट कळलं, कोकमाचा आंबटपणा कळला. बाकी काहीही कळलं नाही. मी ती शांतपणे चावून गिळली आणि म्हटलं, "मला तर काही लागत नाही." ते खरंच होतं.

जाताना दादा चपला घालता घालता म्हणाला, "व्हतं कदी कदी." भांडला असता तर बरं वाटलं असतं. त्याचं ते समजूत घातल्यासारखं बोलणं माझ्या जिव्हारी लागलं.

संध्याकाळी कढई घासताना मी त्या पाटीवालीला मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या. उद्या जाते आणि तिच्या तोंडावर बोलते, असं ठरवलंसुद्धा. आणि कढई उपडी घालताना एकदम आठवलं की तो वास आज या घरात पहिल्यांदा मुलाला नाही, सासूबाईंना आला होता. तुकडी पानात पडायच्या आधी तासभर. वीस पावलांवरून. नाकाला पदर लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचे दोन कप घेऊन गॅलरीत गेले. तीस वर्षांत मी तिथे त्यांच्याजवळ बसले नव्हते. ती त्यांची जागा होती, मासळीच्या वासापासून लपायची. मी खाली फरशीवर बसले आणि म्हटलं, "आई, मला वास येत नाही. तापानंतर गेला तो आलाच नाही."

त्यांनी बशीत चहा ओतला. "ठावं हाय मला."

"कसं?"

"दूध बघ, डाळ लागली, दूध बघ, डाळ लागली, म्हणून दोन वर्सं वरडतीया मी. हौस हाय व्हय मला?"

मला खरंच आठवलं. दोन वर्षं या गॅलरीतून हाका येत होत्या आणि मी आत दात-ओठ खात होते, की वयानं यांची कटकट वाढली. एकदा तर मी ह्यांना म्हटलंही होतं की तुमच्या आईला माझ्या स्वयंपाकघरात नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही. त्या नाक खुपसत नव्हत्या, उसनं देत होत्या. मला रडू आलं, आणि पाठोपाठ माझाच मला राग आला.

"मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?"

"तू न्हाय बोललीस. मग मी कशापायी बोलू?"

मी डोळे पुसले. रडत बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, "आई, पुढच्या भाऊबीजेला मला दादाच्या पानात खाडीचीच बोई वाढायचीय. त्याला दुसरं काही वाढणार नाही. मला तुमचं नाक पाहिजे."

"बया! मी त्याला त्वांड लावायची न्हाय."

"तोंड नको. नाक."

त्यांनी मग कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "लांबनं दाखवायचं. हात लावायला सांगायचं न्हाय."

असं ते वर्ष सुरू झालं. दर बुधवारी मी मासळी आणली की साफ करायच्या आधी ताटलीत घालून गॅलरीत न्यायचे आणि हातभर अंतरावर धरायचे. त्या पदर बोटभर खाली करायच्या, एकदा श्वास घ्यायच्या आणि पदर पुन्हा वर. मला वाटलं होतं चांगलं किंवा वाईट, एवढंच सांगतील. पण या बाईनं तीस वर्षं नाकाला पदर लावून माझी एकेक मासळी ओळखून ठेवली होती. नावं तेवढी त्यांना येत नव्हती. पापलेट म्हणजे ती चपटी, बोंबील म्हणजे त्यो लिबलिबीत. पण वास सांगताना त्या साताऱ्याच्या रानात जायच्या. ओल्या कडब्याचा वास म्हणाल्या की समजायचं, मासळी कालची आहे. जुन्या पोत्याचा म्हणाल्या की बर्फात फार दिवस पडलेली. विहिरीतल्या शेवाळाचा म्हणाल्या की ताजी. मी सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. खात्री करून घ्यायला एकदा मी बाजारातून मुद्दाम शिळा बांगडा मागून आणला, तर बाजारातली माझी नेहमीची मासेवाली म्हणाली, "आज डोकं ठिकानावर हाय ना गो तुजं?" गॅलरीत मी ताजा आणि शिळा दोन्ही बांगडे एका ताटलीत ठेवले. सासूबाईंनी एकदाच हुंगलं आणि म्हणाल्या, "उजवीकडचा कडबा. फेकून दे."

मध्ये मुलानं मोबाइलवरून मासे मागवायचा घाट घातला. त्याचं म्हणणं, साफ करून, कापून, पाकिटातून येतात, कशाला बाजारात फिरायचं? भाऊबीजेनंतर त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता, तो बोलत नव्हता एवढंच. मी ते पाकीट उघडून गॅलरीत नेलं. त्यात कल्ला नाही, डोळा नाही, नुसते पांढरे तुकडे. सासूबाईंनी पदर पूर्ण काढून हुंगलं, दोनदा हुंगलं. म्हणाल्या, "ह्याला कसलाच वास न्हाय. तुझ्या नाकावानी झालंय." मुलगा हसला. पुढच्या बुधवारी पाकीट आलं नाही.

पण घासलेटची परीक्षा अजून व्हायची होती. वर्षभर मी त्यांना खाडीची मासळी मुद्दाम दाखवली नव्हती. ती भाऊबीजेलाच घ्यायची आणि तेव्हाच खरं काय ते ठरणार, हे मला माहीत होतं.

दिवाळीच्या आधी आठ दिवस दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "बाय, यंदा भाऊबीजेला म्हावरा नको करूस. पुरनपोली कर."

माझ्या हातातला फोन गरम झाल्यासारखा वाटला. आगऱ्याचा मुलगा बहिणीकडे भाऊबीजेला पुरणपोळी मागतोय! मी म्हटलं, "दादा, तू बोई खाणार आहेस. खाडीची. नाही आवडली तर पुढच्या वर्षीपासून येऊच नकोस." आणि फोन ठेवला. मी जे बोलले होते ते आता मागे घेता येणार नव्हतं.

भाऊबीजेच्या सकाळी मी सासूबाईंच्या पलंगाशी गेले आणि म्हटलं, "आई, उठा. बाजारात जायचंय." या वेळी घरी ताटलीत दाखवून भागणार नव्हतं. एकदा विकत घेऊन घरी आणली आणि तिला घासलेट निघालं, तर दुसरी आणायला वेळ नव्हता. ऐंशी उलटलेली बाई, जिनं जन्मात मासळीबाजाराची पायरी चढली नाही. मला वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी विचारलं, "इस्त्रीचं लुगडं नेसू का सादं?"

मुलानं गाडी काढली. माणकोलीच्या नव्या पुलावरून जाताना सासूबाईंनी काच खाली करायला लावली. खाली खाडी होती, भरतीचं पाणी चढत होतं. "हितंच तुझा बाप जाळं टाकायचा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जरा पुढे, वळणावर. त्यांनी मान वळवून ते वळण दिसेनासं होईपर्यंत बघितलं.

पाटीवाल्या बायका बसल्या होत्या. गेल्या वर्षीची ती बाई पहिलीच, आणि तिच्या पाटीत पुन्हा तशाच हातभर लांब, चकचकीत बोया. मी कल्ला उचलला, ओला लाल. पोट दाबलं, घट्ट. माझी बोटं म्हणत होती, हीच घे. मी एक बोई सासूबाईंसमोर धरली. त्यांनी पदर खाली केला, अगदी खांद्यापर्यंत, आणि हुंगलं.

"इस्टो," त्या म्हणाल्या.

पाटीवाली उसळली. "कोन गो ही? म्हावरा खाते तरी का?"

"नाही खात," मी म्हटलं.

"खात नाय तर हिला काय कलतं?"

"तेच तर," मी म्हटलं आणि पुढे निघाले.

चौथ्या पाटीपाशी सासूबाई आपण होऊन थांबल्या. तिथल्या बोया लहान होत्या, वीतभर, एकीची खवलं जाळ्यात घासून गेलेली. मी उचलल्याही नसत्या. सासूबाई वाकल्या, एवढ्या वाकल्या की मी त्यांचा दंड धरला.

"ह्याला रानातलं वाळूक फोडल्यावानी वास येतोया," त्या म्हणाल्या.

वाळूक म्हणजे त्यांच्याकडची काकडी. मी त्यांना काकडीबद्दल कधीच सांगितलेलं नव्हतं. मला क्षणभर बाबा टोपली घेऊन दारात उभे असल्यासारखे दिसले. मी त्या पाटीपाशी बसले आणि बोटांनी एकेक बोई तपासत सात बोया निवडल्या. खवलं गेलेली तेवढी ठेवून दिली. नाक त्यांचं, पण बोटं अजून माझी होती.

दादा आला तेव्हा त्याचा चेहरा बघून मला हसूच आलं असतं, इतका तो भीत भीत आला होता. ओवाळून घेतलं, पानावर बसला. पहिली तुकडी मी वाढली. त्यानं ती मोडली नाही. आधी उचलून नाकाशी नेली. इतक्या वर्षांत त्यानं मी वाढलेला घास कधी हुंगला नव्हता. 

त्यानं खाल्ली. दुसरी घेतली. तिसरी खाऊन झाल्यावर ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "कालवनात डोकं असंल ना? मना दे." ज्याला मासळीची शंका असते तो डोकं मागत नाही. मी कालवण वाढलं, डोक्यासकट, आणि उभी होते तिथेच भिंतीला टेकले.

डोकं चोखता चोखता दादा म्हणाला, "नाक परत आलं गो तुजं."

"तुला काय माहीत माझं नाक गेलं होतं?"

"गेल्या साली तू ती तुकरी खाल्लीस आन् तोंड वाकडं नाय केलंस. तवाच कललं. पुरनपोली काय मना आवरते म्हनून मागितली? तुना तरास नको म्हनून मागितली."

म्हणजे त्यालाही कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं, आणि मी टोपल्यांवर वाकून नाटक करत होते. मी म्हटलं, "दादा, माझं नाही परत आलं. येणारही नाही बहुतेक. ते तिकडे गॅलरीत बसलंय. बोई त्यांनी निवडली."

दादानं हातातलं डोकं ताटात ठेवलं आणि मान वळवून गॅलरीकडे बघितलं. त्याला ते खरं वाटायला वेळ लागला. मग तो मोठ्यानं म्हणाला, "आई, बोई मस्त हाय हां!" 

मी उरलेल्या तुकड्या तव्यात सोडल्या. चुर्र आवाज झाला, वाफ वर आली, माझ्या चेहऱ्यावर आली. मला त्यात गरमपणाशिवाय काही कळलं नाही. नेहमीप्रमाणे मी गॅलरीच्या हाकेची वाट बघत उभी राहिले. तीस वर्षं ऐकलेला तो एक शब्द, मारतोय. आज तो ऐकायलाही माझी तयारी होती.

"अगं," हाक आली, "वास सुटलाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. उलथणं तसंच हातात धरून मी दारापर्यंत गेले. त्या खुर्चीत बसल्या होत्या, पदर खांद्यावर होता. मी विचारलं, "काय म्हणालात, आई?"

"वास सुटलाय म्हनलं. हितं हुबी का? करपायच्या आत उतरीव."